बागेतून कोल्हापुरात येईपर्यंत सफरचंदाचं काय होतं

राजारामपुरीतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांनी वाचलं की काश्मीरच्या बागायतदाराला सफरचंदाचे किलोला पन्नास-साठ रुपये मिळतात. कोल्हापुरात त्यांना तेच एकशे चाळीसनं घ्यावं लागतं. मधले पैसे कोण खातो, मार्च-एप्रिलमध्ये मिळणारं सफरचंद नेमकं कधीचं असतं, आणि मेण लावून ते टिकवतात हे खरं का, असं त्यांनी विचारलंय.

श्री शाहू मार्केट यार्डात फळांच्या धंद्यात मला अठ्ठावीस वर्षं झाली. सुरुवातीला वडिलांच्या हाताखाली, पुढं स्वतःच्या जबाबदारीवर. आजवर चार हंगाम हिमाचलात आणि दोन हंगाम काश्मिरात जाऊन, बागेत उभं राहून माल घेतलाय. म्हणून सविस्तर सांगतो. क्रम मात्र बदलतो. आधी सफरचंदाचं वय, मग दर. वय कळल्याशिवाय दर कळत नाही.

तोडलेलं सफरचंद जिवंत असतं. ते श्वास घेतं, म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेऊन स्वतःतली साखर जाळतं आणि ऊब बाहेर टाकतं. शिवाय इथिलीन नावाचा वायू सोडतं आणि त्याच वायूनं स्वतः आणखी पिकतं. पेटीत एक फळ जास्त पिकलं की शेजारच्या फळांनाही सोबत नेतं, ते यामुळंच. शून्य अंशाच्या आसपास हा सगळा कारभार मुंगीच्या पावलानं चालतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात तो पळत सुटतो. शीतगृहात महिना काढूनही टणक राहिलेलं फळ आमच्या पत्र्याखाली आठवड्यात पिठूळ झालेलं मी कितीदा बघितलंय. म्हणून वय नुसतं तोडणीच्या तारखेवरून मोजून भागत नाही. किती दिवस थंडीत गेले आणि किती दिवस उन्हात, ते बघावं लागतं. सप्टेंबरात तोडून नीट थंडीत ठेवलेलं फळ मार्चमध्ये खाताना करकरीत लागेल, आणि आठ दिवसांपूर्वी तोडलेलं, पण ताडपत्रीखाली उकडत आलेलं फळ तोंडात भुसा होईल.

देशातलं बहुतेक सफरचंद जम्मू-काश्मीर आणि हिमाचलातून येतं, थोडं उत्तराखंडातून. यात काश्मीरचा वाटा सगळ्यात मोठा. शोपियान, पुलवामा, कुलगाम, अनंतनाग आणि उत्तरेला बारामुल्ला जिल्ह्यातलं सोपोर, हे तिथले मुख्य पट्टे. हिमाचलात सिमला जिल्ह्यातले कोटगढ, कोटखाई, जुब्बल, रोहडू, मग कुल्लू आणि सगळ्यात उशिरा येणारं किन्नौर. उंचीप्रमाणं तोडणी पुढं सरकत जाते. खालच्या बागांचा माल जुलैत सुरू होतो, वरच्यांचा ऑगस्ट-सप्टेंबरात, किन्नौरचा सप्टेंबर-ऑक्टोबरात. काश्मीरचं लवकर येणारं हजरतबली जुलैतच दिसतं, पण मोठा लोंढा सप्टेंबर-ऑक्टोबरचा. आपल्याकडं गणपती आणि नवरात्र नेमकं याच दिवसांत येतं. मागणी आणि आवक एकदम वर जातात, म्हणून सणासुदीला इतर फळं महागली तरी सफरचंद तेवढं आवाक्यात राहतं. वर्षातलं सगळ्यात चांगलं आणि स्वस्त सफरचंद कधी खावं असं मला कुणी विचारलं, तर मी दसऱ्याच्या पुढचे-मागचे पंधरा दिवस सांगतो.

आपल्या लोकांच्या डोक्यात सफरचंद म्हणजे लालभडक. ही सवय लावली ती डिलिशस जातीनं. सॅम्युअल स्टोक्स नावाचे अमेरिकन गृहस्थ कोटगढला स्थायिक झाले, पुढं सत्यानंद झाले. त्यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून डिलिशसची रोपं आणून लावली आणि पाहता पाहता हिमाचलची डोंगरउतारं त्या झाडांनी भरून गेली. लाल रंगाला दर मिळतो म्हटल्यावर पुढं आणखी लाल जाती आल्या. त्यांतल्या काही अशा आहेत की फळ आतून तयार होण्याच्या कितीतरी आधी साल गडद लाल होते. काही बागांत रंग लवकर यावा म्हणून इथेफॉन या फळ पिकवणाऱ्या औषधाची फवारणीही करतात. असं फळ दिसायला राजा असतं, पण पिकण्याची प्रक्रिया सुरू झालेली असल्यानं टिकत नाही. गिऱ्हाईक लाल बघून घेतं, व्यापारी लाल बघून बोली लावतो, आणि बागायतदार कच्चं तोडतो. यात दोष एकट्या कुणाचाच नाही. पण याचं मूळ आपल्या निवडीत आहे, हे मला मनापासून सांगायचंय.

मग तयार फळ ओळखायचं कसं? लाल भागाकडं बघूच नका. फळ उलटं करा आणि फुलाच्या बाजूचा खळगा बघा. तिथं लाल कमी असतं आणि खालचा मूळ रंग दिसतो. तो हिरवागार असेल तर फळ लवकर तोडलंय. हिरवट-पिवळसर असेल तर बरोबर. पूर्ण पिवळा आणि साल किंचित तेलकट लागत असेल तर ते आजच खाण्याचं. बागेत यापेक्षा पक्की परीक्षा करतात. फळ आडवं कापून आयोडीनच्या पाण्यात बुडवायचं. पिठूळ द्रव्य, म्हणजे स्टार्च, जिथं शिल्लक असतं तिथं काळं-निळं होतं. जिथं साखर झालीय तिथं पांढरंच राहतं. कोटखाईच्या एका बागेत मी पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अर्धं फळ शाईत बुडवल्यासारखं झालं होतं. बिया असलेल्या मधल्या भागात तेवढी फुलासारखी पांढरी चांदणी. म्हातारे बागायतदार म्हणाले, ही चांदणी अजून पसरली पाहिजे, आठ दिवस थांबा. त्यांनी थांबून तोडलेला माल आमच्याकडं दिवाळीपर्यंत टणक राहिला.

तोडणीचं काम हाताचं आहे. फळ ओढायचं नाही. तळव्यात धरून वर उचलत किंचित पिरगाळायचं, म्हणजे देठासकट सुटतं. देठ तुटला की तिथून कूज शिरते. ज्या आखूड फांदीवर फळ आलंय ती मोडली तर पुढच्या वर्षीचं फळ गेलं. बोटांनी दाबून धरलं तर त्या वेळी काहीच दिसत नाही. दोन हजार किलोमीटर पार करून इथं आल्यावर तिथं तपकिरी डाग उमटतो, अंगठ्याच्या मापाचा. पेटी फोडल्यावर मला कधी कधी चारही बोटांचे ठसे मोजता येतात.

पॅकिंगबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण माल सगळ्यात जास्त इथंच खराब होतो. काश्मीरचा माल लाकडी पेटीत यायचा आणि अजूनही येतो. पॉपलरच्या फळ्यांची पेटी, आत कागद, सोळा-अठरा किलो माल. हिमाचलात पुठ्ठ्याचे खोके. पूर्वीचा खोका दोन तुकड्यांचा होता. एक भाग दुसऱ्यावर टोपीसारखा बसायचा आणि वर सरकवता यायचा. दर खोक्यावर ठरायचा, म्हणून मोठ्या बाजारात जास्त भरलेल्या खोक्याला पसंती मिळायची. बागायतदार बिचारा एक थर वाढवून देई. वीस किलोच्या जागी अठ्ठावीस-तीस किलो. त्या जादा किलोंचे त्याला पैसे मिळत नव्हते, आणि खालच्या थरावर वरचा भार पडून फळं चेपत ती वेगळीच. हिमाचल सरकारनं २०२४ च्या हंगामापासून एकसंध, वर न सरकणारा खोका सक्तीचा केला. बागायतदारांची ही जुनी मागणी होती. माझ्या मते इतक्या वर्षांत या धंद्यात झालेल्या चांगल्या सुधारणांपैकी ही एक आहे. आमच्याकडंही खालच्या थराची नासाडी डोळ्यांना दिसण्याइतकी कमी झाली.

खोक्यावर ८०, १००, १२५, १५०, १७५ असे आकडे असतात. ते आत किती नग आहेत ते सांगतात. आकडा लहान तितकं फळ मोठं. तुम्हाला दुकानात जे भलं मोठं चकचकीत फळ दाखवतात ते ऐंशी-शंभरचं. दर त्यालाच जास्त. पण चव आणि टिकाऊपणात सव्वाशे-दीडशेचं मधलं फळ सरस असतं, असा माझा अनुभव आहे. फार मोठं फळ आतून लवकर सैल पडतं. घरी खायला असेल तर मधलं घ्या, पैसेही वाचतील.

इथून मालाच्या दोन वाटा होतात. एक ताजा माल, तो थेट ट्रकमध्ये चढतो. दुसरा सीए माल, तो शीतगृहात जातो.

ताईंचा मार्चमधल्या सफरचंदाचा प्रश्न या दुसऱ्या वाटेवरचा आहे. सीए म्हणजे नियंत्रित हवेचं शीतगृह. नुसता गारठा नाही, खोलीतली हवाच बदलतात. आपण श्वास घेतो त्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो. तिथं तो दोन-तीन टक्क्यांवर किंवा त्याहून खाली आणतात, तापमान शून्य-एक अंश, आणि ओलावा नव्वद टक्क्यांच्या वर, म्हणजे फळ सुरकुतत नाही. सफरचंद जवळजवळ झोपी जातं. दार सील केलेलं असतं. आत माणूस गेला तर गुदमरून मरेल, म्हणून माल बघायचा तो छोट्या काचेतून. पुलवाम्याजवळ लासीपोराला अशा शीतगृहांची मोठी रांग आहे. हिमाचलातही आहेत. शिवाय काही ठिकाणी फळाला इथिलीनचा परिणाम जाणवू नये म्हणून एक वायू देतात. तो फळात इथिलीनची जागा अडवून बसतो. अशी नीट ठेवलेली फळं सहा ते आठ महिने सहज चांगली राहतात. म्हणजे मार्चमध्ये तुम्ही घेतलेलं काश्मिरी सफरचंद मागच्या सप्टेंबर-ऑक्टोबरचं असतं. यात फसवणूक नाही आणि घाबरण्यासारखंही काही नाही.

घोळ होतो तो पुढं. एकदा खोली उघडली की झोप मोडते. मग तो माल काही आठवड्यांत खपवावाच लागतो, आणि सगळा वेळ गारठ्यात राहिला तरच चांगला खपतो. लासीपोऱ्याहून गार गाडीत निघालेला माल दिल्लीत उतरतो, तिथून साध्या ट्रकमध्ये चढतो, आमच्या यार्डात उतरतो, तिथून टेम्पोत, तिथून हातगाडीवर उन्हात. पहिले सहा महिने जपलेली थंडी शेवटच्या सहा दिवसांत उधळली जाते. आमच्याकडं शीतगृह नाही असं नाही, पण जागा कमी आणि भाडं लहान व्यापाऱ्याला न परवडणारं. मार्च ते मे या दिवसांत माझ्याकडं येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक पिठूळ फळाच्या असतात, आणि त्यांचं कारण हे शेवटचे सहा दिवस.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. धंद्यात नवा होतो. उन्हाळ्यात माल जास्त आला, गाळ्यात जागा नव्हती. जवळच एका नातेवाइकांची केळीची वखार होती, आत गार आणि अंधार. चाळीस पेट्या तिथं दोन रात्री ठेवल्या. तिसऱ्या दिवशी बाहेर काढल्या तेव्हा फळं दिसायला तशीच होती, पण दाबली की आतून भुसभुशीत. केळी पिकताना इथिलीन सोडतात आणि वखार असते सोळा-अठरा अंशांवर. केळ्याला ते योग्य, सफरचंदाला घातक. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी एक फळ कापून माझ्या हातात दिलं आणि खायला लावलं. त्या चाळीस पेट्या निम्म्याहून कमी भावात गेल्या. घरात सफरचंद आणि केळी एका टोपलीत ठेवू नका असं मी सांगतो, ते तेव्हापासून.

आता ताजा माल. श्रीनगरहून कोल्हापूर रस्त्यानं सुमारे अडीच हजार किलोमीटर. काही माल आधी दिल्लीच्या आझादपूर बाजारात उतरून तिथून येतो, काही पुणे-मुंबईमार्गे, काही थेट. सगळं सुरळीत असेल तर थेट ट्रक पाच-सहा दिवसांत पुणे-बंगळूर महामार्गानं येऊन तावडे हॉटेलजवळून आत वळतो. पण सुरळीत असेल तर. काश्मीर खोऱ्यातून बाहेर पडणारा मुख्य रस्ता जम्मू-श्रीनगर महामार्ग. पावसात दरड कोसळली की बंद. शोपियानहून जाणारा मुघल रोड आहे, पण त्याला मर्यादा आहेत. २०२५ च्या ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरात हा महामार्ग कितीतरी दिवस विस्कळीत राहिला आणि हजारो ट्रक अडकले. त्याच महिन्यात रेल्वेनं बडगाम ते दिल्लीच्या आदर्शनगरपर्यंत सफरचंदासाठी रोजची पार्सल गाडी सुरू केली. मला ती फार आशेची गोष्ट वाटते.

त्या सप्टेंबरात आमचा एक ट्रक सोळाव्या दिवशी पोचला. ताडपत्री सोडली तसा आंबूस वास आला, ताडीसारखा. खालच्या पेट्यांच्या फळ्या ओल्या, त्यावर गांधीलमाश्या. हमालांनी हातानं उचलली की पेटीचा तळ निसटे. निवडून निवडून जो माल निघाला तो चटणी-जॅमवाल्यांना आणि रसवाल्यांना दिला. ज्या अडत्यामार्फत, म्हणजे दलालामार्फत, माल भरला होता, त्यानं आधी सांगितलं होतं की गाडी तिसऱ्याच दिवशी बाहेर पडली. ते खरं नव्हतं. ट्रक काझीगुंडलाच, म्हणजे अजून खोऱ्यातच, उभा होता. खरं सांगितलं असतं तर निदान वाटेत कुठं काही उतरवून विकता आलं असतं. नुकसान माझं झालंच, पण माल ज्याचा होता त्या बागायतदाराची पट्टी लिहिताना माझा हात चालेना. पट्टी म्हणजे विक्रीचा हिशेब: किती पेट्या, काय दर, भाडं, हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन हातात किती. त्याच्या पट्टीत भाडं वजा केल्यावर जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. वर्षभर औषधं मारायची, हिमवर्षाव आणि गारा सोसायच्या, आणि शेवटी असा कागद. फोनवर तो एवढंच म्हणाला, "भाईसाहब, रास्ता तो हमारे हाथ में नहीं था."

तिथल्या बागायतदाराची एक अडचण लोकांना माहीत नसते. फवारणी, खत, पेट्या, मजुरी यासाठी त्याला हंगामाआधी पैसे लागतात. ते तो बाजारातल्या अडत्याकडून उचल म्हणून घेतो. मग माल त्याच अडत्याकडं घालायचा, असं ठरूनच जातं. दुसरीकडं दर चांगला असला तरी जाता येत नाही. काही जण तर फुलोऱ्यातच बाग कंत्राटदाराला देऊन टाकतात. बागेतला दर कमी दिसतो त्याचं एक कारण हे आहे. आपल्याकडचे गुळाचे शेतकरी हे ऐकून मान डोलावतील.

यार्डात सकाळी सौदे होतात. पेटीचं तोंड सगळेच चांगलं भरतात, म्हणून जाणता माणूस पेटी उलटी फोडतो. तळाची चार फळं काढतो, एक कापतो. कापल्यावर आवाज ऐकायचा. चांगलं फळ 'कट्' असा आवाज करतं, सैल पडलेलं मुकाट कापलं जातं. कधी कधी, विशेषतः किन्नौरच्या आणि उशिराच्या काश्मिरी मालात, आतला गर मधोमध काचेसारखा पारदर्शक दिसतो. पातळ काप उजेडात धरला तर पलीकडची बोटं दिसतात. गिऱ्हाइकं याला नासकं समजून परत आणतात. ते नासकं नाही. झाडावर पूर्ण पिकलेल्या फळात पेशींच्या मधल्या जागेत साखरेचं पाणी साचतं, त्याचं ते रूप. असं फळ फार दिवस ठेवता येत नाही, पण गोडीला त्याच्यासारखं दुसरं नाही. मिळालं तर त्याच दिवशी खा.

आता दराचा हिशेब. बागेतल्या दरात पेटी, कागद, निवड आणि पॅकिंगची मजुरी मिळवा. अडीच हजार किलोमीटरचं भाडं मिळवा. माल दोनदा बाजारातून गेला असेल तर दोनदा हमाली, दोनदा अडत. सीए माल असेल तर सहा महिन्यांचं शीतगृहाचं भाडं आणि अडकलेल्या पैशाचं व्याज. कोल्हापूरच्या यार्डात ठोक दर शंभरच्या आसपास येतो तो असा. यात घाऊक व्यापाऱ्याची कमाई पेटीमागं थोडीच असते, तो पेट्यांच्या संख्येवर जगतो.

सगळ्यात मोठी उडी शेवटच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये असते. महाद्वार रोड, कपिलतीर्थ मार्केट, लक्ष्मीपुरी, कुठलीही हातगाडी घ्या. समजा गाडीवाल्यानं सोळा किलोची पेटी १६०० रुपयांना घेतली. घरी नेऊन फोडली तर दीड किलो टाकाऊ निघाला. अडीच किलोला मार लागलेला, तो अर्ध्या किमतीत जाणार. राहिले बारा किलो. ते १४० नं विकले तर १६८० रुपये, मार लागलेल्याचे ७० नं १७५. एकूण १८५५. म्हणजे हातात आले २५५ रुपये. त्यातून टेम्पोचं भाडं, पिशव्या, जागेचा खर्च. आणि ही पेटी दिवसभरात संपली तर. दुसऱ्या दिवशी राहिली की आणखी एक-दोन किलो मऊ पडणार. किलोला चाळीस रुपये जास्त घेतो असं आपण म्हणतो, त्यातले निम्म्याहून जास्त नासाडीत जातात. म्हणून त्याच्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्यांना मी दुसरी वाट सुचवतो: डाग असलेली फळं वेगळी मागा. कापून खायची, मुरांबा किंवा शिरा करायचा असेल तर ती निम्म्या पैशात उत्तम. तुमचे पैसे वाचतात आणि त्याची पेटी संपते.

परदेशी मालाबद्दल थोडक्यात. तुर्की, इराण, इटली, पोलंड, अमेरिका, न्यूझीलंड, चिली, दक्षिण आफ्रिका, इतक्या ठिकाणांहून सफरचंद येतं. ते गार कंटेनरमधून न्हावाशेवा बंदरात उतरतं आणि वाशीच्या बाजारातून आपल्याकडं येतं. दक्षिण गोलार्धातल्या देशांत तोडणी फेब्रुवारी ते मे, म्हणून आपल्याकडं मे-जूनमध्ये येणारं न्यूझीलंडचं गाला जातीचं सफरचंद खरोखरच ताजं असतं. चीनमधून येणाऱ्या मालावर कीड सापडल्यामुळं २०१७ मध्ये बंदी आली. स्वस्त आयातीनं आपले बागायतदार बुडू नयेत म्हणून २०२३ च्या मे महिन्यात सरकारनं किलोला ५० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या आयातीला मनाई केली, भूतान तेवढा वगळून.

फळावरच्या चिकटीचा, म्हणजे स्टिकरचा, अर्थ लोक भलताच लावतात. त्यावरचा चार आकडी क्रमांक जात आणि आकार सांगतो. ४०१६ म्हणजे मोठं रेड डिलिशस, ४०१७ म्हणजे मोठं हिरवं ग्रॅनी स्मिथ. ९ नं सुरू होणारा पाच आकडी क्रमांक सेंद्रिय मालाचा. ताजेपणा किंवा दर्जा यांतल्या कुठल्याच आकड्यात नसतो. आणि चिकटी कुणालाही छापून लावता येते, हेही लक्षात ठेवा.

आता मेण. सफरचंदाच्या सालीवर निसर्गतःच मेणाचा पातळ थर असतो. झाडावरचं फळ फडक्यानं पुसलं तरी चमकतं ते त्यामुळं. सुरीनं साल खरवडून पांढरा भुगा दाखवणारे व्हिडिओ फिरतात, पण तसा भुगा नैसर्गिक मेणाचाही निघतो. मोठ्या पॅकिंग केंद्रात फळ धुतात तेव्हा हा थर निघून जातो, म्हणून वरून खाण्यायोग्य मेण देतात. कार्नोबा नावाच्या ताडजातीच्या पानांचं, लाखेचं किंवा मधमाशीचं. अन्नसुरक्षेच्या नियमांत याला परवानगी आहे. परदेशी माल आणि मोठ्या केंद्रांतला काही देशी माल असा असतो. काश्मीर-हिमाचलच्या पेट्यांतून थेट येणाऱ्या मालाला सहसा कुणी मेण लावत बसत नाही, तेवढा वेळच नसतो. मेण फळातलं पाणी उडू देत नाही, एवढंच त्याचं काम. सहा महिने टिकतं ते थंडीनं, मेणानं नाही. मला जास्त काळजी फवारणीच्या अंशाची वाटते. देठाच्या खळग्यात कधी कधी पांढुरकं किंवा निळसर काही साचलेलं असतं, ते औषधाचं असू शकतं. वाहत्या पाण्याखाली हातानं चोळून धुवा, खळग्यात बोट फिरवा, कोरड्या फडक्यानं पुसा. मुलांना देताना देठाकडचा आणि फुलाकडचा भाग कापून टाका.

लोक मला यार्डात आणखी एक विचारतात, आपल्याकडं सफरचंद का पिकत नाही? नेहमीच्या जातींना हिवाळ्यात सात अंशांखालची थंडी साधारण हजार तास लागते, तेव्हा त्यांचे डोळे फुटतात. कोल्हापूरला ती मिळणं शक्य नाही. हिमाचलातल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी कमी थंडीत येणारी एचआरएमएन-९९ ही जात शोधली आणि त्याबद्दल त्यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. ती जात महाराष्ट्रातही काही जणांनी लावलीय. फळ जूनच्या आसपास येतं. परसात दोन झाडं लावायला जरूर लावा. ट्रकभर मालाचा धंदा त्यावर उभा करण्याचा सल्ला मी अजून कुणाला देत नाही.

राहिलं घरातलं. टोपलीत मांडून ठेवू नका. आणल्यावर न धुता, कागदी किंवा छिद्रं पाडलेल्या पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. धुवायचं ते खायच्या वेळी. त्याच कप्प्यात पालेभाजी किंवा गाजर उघडं ठेवू नका, सफरचंदाच्या वायूनं पाला पिवळा पडतो आणि गाजर कडवट होतं. आठवड्यातून एकदा पिशवी उघडून मऊ पडलेलं एखादं फळ बाजूला काढा. एकदम चार-पाच किलो घ्यायचं असेल तर दसरा-दिवाळीच्या दिवसांत घ्या. उन्हाळ्यात किलोभरच घ्या, आणि तेही सकाळी, गाडीवरचा माल उन्हात तापायच्या आत.